उस्तादांचे कान

थोरली सतरा वर्षांनी घरी राहायला आली, ती दोन बॅगा घेऊन. आई उन्हाळ्यात गेली. त्यानंतर धाकट्याचं आणि तिचं फोनवर बोलणं झालं. बाबांना एकटं ठेवायचं नाही, असं दोघंही एका सुरात म्हणाली. पण धाकट्याच्या मागे बायको, मुलगी आणि बदलीची नोकरी. थोरली सडीफटिंग. तेव्हा कपड्यांच्या कारखान्यातली कटिंगची नोकरी तिनंच सोडली आणि पावसाळा संपता संपता येऊन आपल्या जुन्या खोलीत पथारी पसरली.

वडिलांना सगळे उस्ताद म्हणत. घरामागच्या गॅरेजात त्यांनी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. बॉनेट न उघडता, नुसता आवाज ऐकून 'दुसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह गेलाय' असं सांगायचे, आणि ते खोटं ठरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अचानक गॅरेज बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाले.

आल्यावर चौथ्या दिवशी थोरली स्वयंपाकघरात शिरली, तर चहा उतू जाऊन गॅस विझलेला. भांडं मघाचं फसफसत असणार. उस्ताद हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले.

तिनं गॅस बंद केला. मग दोन दिवस तिनं त्यांच्यावर नजर ठेवली. पाठमोरं बोललं की उत्तर नाही. समोर उभं राहिलं की सगळं ठीक. कारखान्यात दोनशे मशिनी एकदम चालायच्या, तिथं बायका ओठांवरूनच गप्पा मारायच्या. त्यामुळे माणूस डोळ्यांकडे बघतोय की ओठांकडे, हे तिला चटकन कळे. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्यासमोर बसली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "चहा घेता?"

"अर्धा कप," उस्ताद म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"किती वर्षं झाली?"

"सहा-सात. हळूहळू कमी होत गेलं. इंजिनांनी कान खाल्ले माझे."

"आईला ठाऊक होतं?"

"तिलाच आधी कळलं."

आई म्हणजे बोलभांड बाई, अशी साऱ्या घरादाराची समजूत. कुणी काही विचारलं की ती नवऱ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणायची, "अहो, हा विचारतोय गाडी कधी देताय." धाकटा तिला चिडवायचा, "आई, तुझी टेप अडकली." तीही हसायची. सहा-सात वर्षं ती नवऱ्याचे कान होऊन वावरली आणि स्वतःला बडबडी म्हणवून घेतलं.

"कुणाला बोलू नकोस," उस्ताद म्हणाले. "लोक काय म्हणतील? आवाजावर नाव कमावलं, आणि आता ठार बहिरा."

थोरलीनं शब्द दिला.

थंडीच्या सुट्टीत धाकटा आला. सोबत बायको आणि सात वर्षांची चिमणी. घर भरलं, पण आईविना पहिलीच सुट्टी. सगळे जरा जास्तच मोठ्यानं बोलत होते, जास्तच हसत होते. उस्ताद मधे बसायचे. सगळे हसले की हसायचे, एक क्षण उशिरा. धाकटा काहीतरी विचारायचा आणि ते भलतंच उत्तर द्यायचे. थोरली जमेल तिथं सावरून घेई. पण आईची ती सफाई तिच्यात नव्हती. दुसऱ्याच दिवशी धाकटा तिला म्हणाला, "ताई, बाबांचं लक्षच नसतं गं. आम्ही आलोय याचं त्यांना काही आहे का?"

"आईला जाऊन किती दिवस झालेत? धीर धर जरा."

"तेच तर. आई गेल्याचं तरी काही आहे का?" असं म्हणून तो उठून गेला. त्याच्या मनात काहीतरी सलत होतं, पण बोलायला तो तयार नव्हता.

पाचव्या दिवशी उस्तादांचे दोन जुने दोस्त जेवायला येणार होते. एक वायरमन, दुसरे शाळेतले मास्तर. सकाळपासून स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरची घरघर. उस्ताद मागच्या अंगणात, गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसले होते. पाहुणे आले, पानं घेतली, तेव्हा भावजयीनं विचारलं, "चिमणी कुठाय?"

धाकटा मागे धावला. गॅरेजच्या आतून दार बडवल्याचा आवाज येत होता. पोर जुनी हत्यारं बघायला आत शिरली, वाऱ्यानं दार लागलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, मुठी लाल झाल्या होत्या. आणि दारापासून चार पावलांवर आजोबा डोळे मिटून ऊन खात बसलेले.

धाकटा तिला कडेवर घेऊन घरात आला. मागोमाग उस्तादही आले, काय गडबड आहे ते बघायला.

"अर्धा तास!" धाकटा मागे न वळता ओरडला. "अर्धा तास पोर आत रडतेय आणि हे बाहेर डुलक्या काढतायत! तुम्हाला कुणाचं काही आहे का हो बाबा?"

उस्तादांना त्याची नुसती पाठ दिसली. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. काहीतरी विचारलंय, एवढं त्यांना कळलं. ते नेहमीसारखे हसले.

धाकटा गर्रकन वळला. "बघा! हसतायत!" तो म्हणाला. "हॉस्पिटलातसुद्धा असेच हसलात. आई शेवटचं बोलत होती आणि तुम्ही मान डोलावून हसत होतात. मी होतो तिथं. मी पाहिलंय!"

हे मात्र समोरून आलं होतं. उस्तादांचं हसू विरलं. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. शब्द दिला होता खरा, पण आता गप्प राहिलं असतं तर बापलेकांमधलं उरलंसुरलंही तुटलं असतं. ती पुढे झाली, त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि आवाज न काढता, एकेक शब्द ओठांवर ठेवत बोलली.

"चिमणी गॅरेजात अडकली? कधी?" उस्ताद मोठ्यानं म्हणाले. "मला हाक नाही मारली तिनं?"

थोरलीच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. वायरमन हळूच म्हणाला, "तरीच हा वर्षभर माझा फोन घेत नव्हता. मी मनात अढी धरून बसलो."

उस्ताद गुडघे धरत खाली बसले, चिमणीच्या समोर. "बाळा, आजोबांना ऐकू येत नाही. मुळीच नाही. तू हाका मारल्यास, पण माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत."

चिमणीनं नाक पुसलं. "मग आधी सांगायचं ना," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

उस्ताद उठले आणि धाकट्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तिच्या तोंडावर मास्क होता रे," ते म्हणाले. "ओठ दिसत नव्हते. बोलतेय एवढंच कळत होतं. म्हणून हसलो. तिला वाईट वाटू नये म्हणून." मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

सात महिने ते हा प्रश्न उराशी घेऊन बसले होते. विचारायचा कुणाला? विचारला असता तर पितळ उघडं पडलं असतं.

धाकट्यानं वडिलांचे दोन्ही खांदे धरले आणि सावकाश, त्यांना दिसेल असं म्हणाला, "आता तुम्हाला कोण सांगणार... असं म्हणाली. मला वाटलं, भ्रमात बोलतेय."

उस्ताद त्याच्या ओठांकडे बघत राहिले. "पुन्हा सांग," म्हणाले. त्यानं पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मान हलवली आणि लेकाच्या खांद्यावर कपाळ टेकलं. चिमणीसमोर, दोस्तांसमोर. आई गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

जेवणं निवून गेली होती. भावजयीनं सगळं पुन्हा गरम केलं.

दोन दिवसांनी धाकटा त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मशिन लावलं तरी निम्मंच ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. उस्तादांनी ते घालून पाहिलं, भांड्यांच्या खणखणाटानं वैतागले, काढून ठेवलं, संध्याकाळी पुन्हा घातलं. सुट्टीचे चारच दिवस उरले होते. थोरलीनं जेवणाचं टेबल खिडकीशी ओढून घेतलं, म्हणजे बसणाऱ्यांच्या तोंडावर उजेड पडेल. वायरमन रोज यायला लागला. त्याच्या मिशा मात्र फार झुपकेदार, एक शब्द दिसेना. "या झुडपामागून काय बडबडतोस ते कळत नाही," उस्ताद म्हणाले, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो मिशा कापून आला.