पांढऱ्या फिती

मखमलाबादच्या शिवारातला चिमाजी झेंडू पिकवायचा आणि संशय घ्यायचा. दोन्ही पिकं त्याला बारमाही येत.

त्यामुळे मळ्यामागच्या डोंगरावर रेहाना मॅडम दर रविवारी माणसं घेऊन घाणेरी उपटायला येऊ लागल्या, तेव्हा त्याने बायकोला विचारलं, "फुकट झुडपं उपटणारा माणूस तू पाह्यला का कधी?"

"मी तीस वर्षं तुमच्या मळ्यात तेच करते," सखुबाई म्हणाली.

मॅडम कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं म्हणणं, घाणेरी परदेशातून आलेली, ती इथल्या झाडांना डोकं वर काढू देत नाही. ती हटवली की आपटा, पळस, धायटी आपोआप येतील. चिमाजीने मान डोलावली आणि एक शब्दही खरा मानला नाही. आपोआप येणाऱ्या गोष्टीसाठी कोण पहार घेऊन येतं?

तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर तो वर चढला. जागोजागी रोपांना पांढऱ्या फिती! मेव्हण्याच्या द्राक्षबागेत अश्शाच फिती लागल्या होत्या. चार महिन्यांत तिथून रस्ता गेला. मेव्हणा आता पाहुण्यांना डांबर दाखवून "इथं थॉमसन द्राक्षं होती" असं सांगतो.

फिती उतारावरून खाली येत होत्या. खाली चिमाजीचा वीस गुंठ्यांचा मळा होता. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

त्याने एकूण एक फीत सोडली आणि पलीकडच्या घाणेरीला नीट ओळीत बांधली, थेट शेजारी झुंबरच्या बागेच्या दिशेने. झुंबरशी त्याचं वैर नव्हतं. पण रस्ता कुठून तरी जायलाच हवा.

पुढच्या रविवारी श्रमदानाला एका बँकेची माणसं आली. मॅडमनी त्यांना नियम सांगितला, "फीत असेल ते राखायचं, नसेल ते उपटायचं," आणि त्या डोंगराच्या दुसऱ्या अंगाला गेल्या. बँकेची माणसं नियमाला पक्की. टोपीवाल्या एका साहेबांनी तर घाणेरीला बाटलीतलं पाणीही घातलं.

आपली युक्ती कशी लागू पडते ते बघायला चिमाजी वर गेला. तिथे उपटलेल्या रोपांचा ढीग पडला होता. त्यातली जोडपानं त्याने ओळखली.

"अहो साहेब, हा आपटा हे! दसऱ्याचं सोनं उपटता?"

"याला फीत नव्हती, काका."

"नव्हती कशी? मागच्या रविवारी व्हती ना!"

"तुम्हाला काय माहीत?" मागून आवाज आला. मॅडम परतल्या होत्या. त्यांनी आधी घाणेरीवरच्या फितींकडे पाहिलं, मग चिमाजीकडे. "खरं सांगा भाऊ, कोणत्या बिल्डरनं पाठवलं तुम्हाला?"

आपल्यावरच कुणी संशय घेण्याचा अनुभव चिमाजीला नवा होता. त्याला तो आवडला नाही.

"मला? मला वाटलं तुम्हीच रस्त्यावाल्या! मळा जाईल म्हून फिती हलवल्या मी."

"त्या राखायच्या झाडांच्या खुणा होत्या!"

दोघंही एकमेकांना जोखत राहिले. मग मॅडमनी ढिगातलं एक रोप खोडाला धरून उचललं आणि चिमाजीला राहवलं नाही.

"असं मानगुटीला धरत्यात का रोप? मुळाची माती सुटती. व्हा बाजूला."

चौदा रोपं त्याने स्वतः परत लावली, निम्मी पानं खुडली, घागरीने पाणी आणून घातलं. बँकेची माणसं नुसती टिपून घेत होती. फिती मात्र मॅडमनी बांधल्या, आणि चिमाजीने त्यांच्या हातांवरची नजर हलवली नाही.

शेवटी तो माथ्यावर चढला आणि एक डोळा मिटून त्याने आखणी पाहिली. एक फीत इथं, तीन तिथं, एक कातळाच्या भेगेत. बी जिथं पडलं तिथं रोप. यावरून रस्ता सोडा, पायवाटसुद्धा काढता आली नसती. मळा वाचला होता.

खाली येऊन त्याने हळूच विचारलं, "मॅडम, मग यात तुमचा फायदा काय?"

"डोंगर."

"डोंगर तर आधीचाच हे."

मॅडमनी हातातली पहार त्याच्या हातात दिली. "ही थोरली घाणेरी आहे ना, तिची मुळं काढा. चांगलं खोल खणा."

चिमाजीने आजूबाजूला पाहिलं, बँकेच्या माणसांना चार पावलं मागे सारलं आणि जोर लावून खणायला लागला. खाली काहीतरी पुरलेलं आहे, याबद्दल आता त्याच्या मनात शंका उरली नव्हती.