विरघळतानाची उष्णता

म्हसवडजवळच्या एका वाडीतली प्रांजल सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. जुन्या बॅटऱ्यांमधून किंवा सांडपाण्यातून धातू वेगळे काढायला टीबीपीसारखी तेलकट रसायनं वापरतात. टीबीपी नुसतं वापरायला दाट पडतं, म्हणून ते एखाद्या द्रावकात विरघळवून घेतात. विरघळताना कधी उष्णता बाहेर पडते, कधी शोषली जाते. वेगवेगळ्या द्रावकांत ती नेमकी किती, हे प्रांजल मोजत होती. हेक्झेनमध्ये मिश्रण किंचित गार व्हायचं, क्लोरोफॉर्ममध्ये गरम.

हेक्झेनचे आकडे चांगले आले. क्लोरोफॉर्मचे मात्र राजनंदिनीच्या आकड्यांशी जुळेनात. राजनंदिनीनं याच प्रयोगशाळेत आधी काम केलं होतं. तिचा शोधनिबंध छापून आला होता आणि त्यावर वीरधवल सरांचंही नाव होतं. आता तेच प्रांजलचे मार्गदर्शक होते.

"तुझा हात अजून बसलेला नाही," सर म्हणाले. "पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं, आणखी कितीदा तरी केलं. एप्रिलमध्ये दुपारी वीज जायची, उपकरणाभोवतीच्या पाण्याचं तापमान हलायचं आणि सगळा प्रयोग पहिल्यापासून मांडावा लागायचा. इतकं करून आकडा यायचा तो तोच, तिचा स्वतःचा. हात चुकत असेल तर हेक्झेनचे आकडे कसे जुळतात, असं तिनं एकदा विचारलं. सरांनी वाद घालू नकोस म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी आईचा, भामाबाईचा फोन आला. प्रांजल धड बोलेना, तेव्हा आई म्हणाली, "तुज्या सरास्नी सांग की, लेक लय दमलीया म्हनावं." प्रांजलनं हो हो म्हणत फोन ठेवला आणि तशीच भिंतीला टेकून बसली.

रविवारी ती एसटीनं साताऱ्याला गेली. राजनंदिनी आता तिथल्या एका कॉलेजात शिकवत होती. तिनं चहा ठेवला, पण चेहरा ताठच होता.

"माझा पेपर चुकलाय असं सांगायला आलीस का?"

"नाही ताई. तुम्ही क्लोरोफॉर्म कुठल्या कंपनीचा घेतला होता, तेवढंच विचारायला आले."

राजनंदिनीनं कंपनी सांगितली. बाटली उघडून तो तसाच वापरल्याचंही सांगितलं. प्रांजलचा क्लोरोफॉर्म दुसऱ्या कंपनीचा होता. परतीच्या गाडीत, कराडच्या पुढं वाहनांची रांग अडकली होती तेव्हा, तिनं मोबाइलवर दोन्ही कंपन्यांची माहिती काढली. क्लोरोफॉर्म खराब होऊ नये म्हणून राजनंदिनीची कंपनी त्यात थोडं इथेनॉल घालत होती, प्रांजलची टीबीपीला न चिकटणारं दुसरंच काहीतरी. इथेनॉल टीबीपीला स्वतःच चिकटतं. म्हणजे राजनंदिनीनं मोजलेलं मिश्रण वेगळंच होतं.

कॉलेजच्या कपाटात त्या जुन्या कंपनीची एक बाटली शिल्लक होती. त्यातला क्लोरोफॉर्म तसाच वापरला तर राजनंदिनीचे आकडे आले. तोच पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन, सुकवून, ऊर्ध्वपातन करून वापरला तर प्रांजलचे. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी अख्खा उन्हाळा गेल्याचा राग आला.

सरांनी दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले.

"ठीक आहे. पुढच्या पेपरमध्ये शुद्ध क्लोरोफॉर्मचे आकडे देऊ."

"आणि छापलेल्याचं काय, सर?"

"ते आता उकरून काढू नकोस."

प्रांजलनं राजनंदिनीला फोन करून सगळं सांगितलं. राजनंदिनी म्हणाली, "नाव माझं आहे. मी कळवते."

तिनं खरंच शोधपत्रिकेला दुरुस्ती पाठवली. सर काही दिवस प्रांजलशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी छपाईआधी तपासायला आलेला दुरुस्तीचा मजकूर तिच्यासमोर ठेवला आणि आकडे तपासून द्यायला सांगितलं. चूक कबूल केली नाही, तिचं कौतुकही केलं नाही.

ती तपासून उठत होती तेवढ्यात ते म्हणाले, "बाकीचे द्रावकही तू बाटलीतून थेटच घेतलेस ना? त्यांत काय काय मिसळलेलं असेल, आपल्याला माहीत नाही. सगळे शुद्ध करून घे आणि परत मोज."

म्हणजे आणखी एक वर्ष. प्रांजलनं जाऊन कपाटातून हेक्झेनची बाटली काढली, कारण या वेळी सरांचं बरोबर होतं.