काठावरचे तारे

जानेवारी २०१९. दोन महिने तलासरीच्या पूर्वेकडची जमीन हादरत होती. तिथल्या आश्रमशाळेतली मुलं वर्गाऐवजी मैदानात, ताडपत्रीखाली बसत.

बोर्डीच्या चिकूची वाडी असलेल्या घरातली दिशा पुण्यात दीर्घिकांवर, म्हणजे आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांवर, पीएचडी करत होती. सुट्टीत आली, तेव्हा शाळेतली मैत्रीण जयवंती, आता या आश्रमशाळेत शिक्षिका, तिला म्हणाली, "आमच्या मुलांशी बोल ना."

दिशा प्रोजेक्टर घेऊन आली. "उजेडात काही दिसणार नाही. वर्गातच बसवू."

"आम्ही आत बसवत नाही, दिशा."

"अर्धा तास गं. सकाळपासून काही झालंय का?"

जयवंती भिंतीवरच्या तिरक्या भेगेकडे बघत राहिली. मग तिने नाइलाजाने दार उघडलं.

खिडक्यांना चादरी लावल्या. पडद्यावर एक पिवळसर लंबगोल डाग उमटला.

"ही म्हातारी दीर्घिका. हिने आपले बहुतेक तारे सुरुवातीलाच, घाईघाईत घडवले. ताऱ्यांत लोखंड मिसळायला वेळ लागतो. हिच्या मधल्या ताऱ्यांत मॅग्नेशियमच्या मानाने ते कमी आहे, त्यावरून ती घाई कळते. मग आतला वायू तापला, उडून गेला. नवे तारे जन्मायचे थांबले."

"मग ती एवढी मोठी कशी झाली?" पुतळीने विचारलं. ती आठवीतली.

"शेजारच्या लहान दीर्घिका गिळून. काठावरचे हे तारे मूळचे तिचे नव्हेतच."

तेवढ्यात जमिनीखालून गडगड आली, डोंगरात सुरुंग लावल्यासारखी. बाकं थरथरली. मुलं न ओरडता उठली आणि रांगेने दाराकडे निघाली.

"बसा, संपतच आलंय," दिशाच्या तोंडून निघून गेलं.

"बाहेर!" जयवंती कडाडली. "दिशा, तूसुद्धा!"

मुलांत शेवटची पुतळी उंबरा ओलांडते न ओलांडते तोच दुसरा धक्का बसला. मागे धाडकन आवाज झाला आणि दारातून धूळ बाहेर लोटली. भिंतीचा वरचा भाग पुढच्या दोन बाकांवर कोसळला होता. मिनिटापूर्वी तिथे नऊ मुलं होती.

जयवंतीने मुलं दोनदा मोजली. सगळी होती. दिशा मैदानातच खाली बसली.

"मी बसा म्हणाले होते गं," ती म्हणाली.

"ऐकलं मी," एवढंच बोलून जयवंती पाण्याची कळशी आणायला गेली.

पुतळी येऊन शेजारी टेकली. "मॅडम, आपली आकाशगंगापण गिळते का कुणाला?"

दिशाला खोटं बोलता आलं असतं.

"हो. आत्तासुद्धा एक लहान दीर्घिका गिळतेय."

"तिथल्यांना कळतं?"

"नाही. फार सावकाश चालतं ते."

पुतळीने तळवा जमिनीला लावला आणि कान दिल्यासारखी मान कलती केली. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "अजून थांबलं नाहीये."