करवतीचं दुसरं टोक

सुताराचं पत्र मी वाचनालयाच्या दारात उभ्या उभ्या वाचलं आणि तिसऱ्या ओळीलाच माझं डोकं फिरलं. ‘तू ढकललंस, पण ते मी आता मनातून काढून टाकलंय,’ असं त्यानं लिहिलं होतं. म्हणजे यानं मला माफ करून टाकलं, आणि तेही मी न मागता. मी पत्राची घडी घातली, टेबलाच्या खणात टाकली आणि याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. लोक शेतं नांगरत होते तेव्हा आलेलं ते पत्र, शेंगा वाळून खडखडायला लागल्या तरी खणातच होतं.

मला गोष्ट नीट सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेल्याच वाचत आलो. पण हा राग इतके दिवस एकट्यानं सांभाळलाय की आता तो कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवत नाही.

सुतार माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याची लाकडाची शेड आणि माझा भाजीचा तुकडा यांच्यामध्ये फक्त एक बुटकी भिंत. मी गावचं वाचनालय सांभाळतो, म्हणून तो मला पुस्तक्या म्हणतो. बाकीचे काका म्हणतात, पण पाठीमागे तेही पुस्तक्याच म्हणतात हे मला माहीत आहे. सुताराला प्रत्येक गोष्टीवर मत असे. कबुतर हा आळशी पक्षी आहे. ज्याला शिट्टी वाजवता येत नाही त्यानं गाय पाळू नये. ज्या पुस्तकात नकाशा नाही त्यावर विश्वास ठेवू नये. मी एखादं मत खोडून काढायला जावं, तर तोवर तो पुढच्या मतावर गेलेला असे. रात्री अंथरुणात मला त्याला द्यायचं उत्तर सुचे, आणि सकाळी भिंतीपाशी जाऊन ते मी दिलं की तो म्हणे, हे मी म्हणालोच नव्हतो.

वाचनालयाचं कपाट त्यानंच केलं. दाराचं माप मी घेतलं होतं. कपाट हातगाडीवरून चढ चढवून आणलं, वाटेत गाडीचं चाक निखळलं, आम्ही दोघांनी ते खांद्यावर घेतलं, आणि दारात पोचल्यावर कळलं की कपाट चौकटीपेक्षा वीतभर उंच आहे. मी दाराऐवजी खिडकीचं माप दिलं असं तो म्हणतो. त्यानं ते रस्त्यातच आडवं पाडून चारही पाय कापले, तेही रागाच्या भरात, त्यामुळे कमीजास्त. आजही आमच्याकडची सगळी पुस्तकं डावीकडे कलून उभी असतात. त्यावरून आम्ही अर्धं आयुष्य भांडलो आणि मला ते भांडण फार आवडायचं.

आणि त्याच्या मोठ्या करवतीचं दुसरं टोक माझं असे.

ही दोन माणसांची करवत. माणूसभर लांब पातं, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. एकानं ओढायचं, तेव्हा दुसऱ्यानं हात सैल सोडायचा. मग दुसऱ्यानं ओढायचं. ढकलायचं कुणीच नाही, कारण ढकललं की पातं मधोमध वाकतं. ऐकायला सोपं आहे. पण समोरचा घामाघूम होऊन ओढतोय आणि आपण नुसतं धरून उभं राहायचं, हे मला कधी जमलं नाही. माझा हात आपोआप पुढे जाई. सुतार थांबे, कपाळ पुसे आणि म्हणे, “पुस्तक्या, तुझी मदत नको. पुस्तक धरतोस तसं धर फक्त.”

गेल्या थंडीत तो शेडमध्ये घसरून पडला आणि दुपारपर्यंत तसाच भुशात पडून राहिला. मी दहा पावलांवर भिंतीपलीकडे पालकाला पाणी घालत होतो. त्यानं हाक मारली नाही. का मारली नाही विचारलं तर म्हणाला, तू भिंतीवरून उडी मारायला गेला असतास आणि मग दोघांना उचलावं लागलं असतं. त्याचा मुलगा शहरातून आला. मुलगा भला आहे, पण घाबरट. बाबा, आता तिकडे चला, म्हणून मागे लागला. सुतारानं त्याला परत पाठवलं.

त्यानंतर ते वादळ झालं. रात्रभर वारा असा घोंघावत होता की सकाळी अर्ध्या गावाची कौलं चिखलात रुतलेली. आमच्या गल्लीतलं जुनं तुतीचं झाड मुळासकट उपटून दूधवाल्या मावशींच्या गोठ्यापुढे आडवं झालं होतं. खोडाचं एक टोक गोठ्याच्या कट्ट्यावर, दुसरं समोरच्या बांधावर, मधला भाग अधांतरी. दार उघडेना, आत गाई हंबरत होत्या आणि मावशी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाऱ्याला बोल लावत होत्या.

गावात लाकूड कापायचं मशीन एकाकडे आहे. त्या मशीनच्या आवाजावरून पोरांनी त्याचं नाव घरघऱ्या ठेवलंय. तो दुसऱ्या वाडीवर छपरं मोकळी करायला गेला होता आणि दुपारी येतो म्हणाला होता. सुतार म्हणाला, दुपारपर्यंत गाईंनी काय वर्तमानपत्र वाचायचं का. आणि करवत घेऊन आला.

अशा अधांतरी खोडाला वरून कापलं, तर काप खाली जाईल तसं लाकूड मिटत जातं आणि करवत चावून धरतं. म्हणून काप थोडा खोल गेला की त्यात पाचर ठोकायची. हे मला सुतारानंच शिकवलंय. पाचरी त्याच्या खिशात होत्या. पाचर मारणं हे त्याचं काम, माझं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर सगळं गाव विसरलं.

काम छान चाललं होतं. ओला भुसा पायावर पडत होता, तुतीचा आंबूस वास सुटला होता, आणि मी चांगला सैल हात सोडत होतो. तेवढ्यात मला वाटलं, हा आत्ता खुशीत आहे, बोलून घ्यावं. मी म्हणालो की मुलाचं अगदीच चूक नाही, थंडीपुरतं शहरात जाऊन राहायला काय हरकत आहे. एवढंच म्हणालो.

सुतारानं ओढणं थांबवलं नाही. उलट जोरात ओढायला लागला. “तूही?” एवढंच म्हणाला. मग एकेका ओढीबरोबर माझ्यावर एकेक आरोप. मी त्याच्या मुलाला पत्र लिहिलं असणार. मला शांतता हवी आहे. पलीकडे ठोकाठोक नसली की मला वाचायला बरं. त्यातलं एकही खरं नव्हतं आणि मी ते सांगू लागलो, तर माझी पाळी चुकली. आणि या सगळ्यात पाचर राहून गेली.

लाकडानं करवत धरली. तो ओढतोय, येईना. माझ्या हाताला वाटलं, बिचारा एकटा ओढतोय. मी ढकललं.

पातं मधोमध वाकलं. सुताराची मूठ निसटली, तो मागे बांधावर बसला आणि त्याचा पाय दगडांत मुरगळला. मावशी धावत आल्या, शेजारचे आले, घरघऱ्याही मशीन घेऊन तेवढ्यात पोचला. त्या सगळ्यांसमोर सुतार पाय धरून म्हणाला, “यानं ढकललं. मला इथून घालवायचंय ना, म्हणून ढकललं.”

मी एवढंच म्हणायला हवं होतं की पाचर कुठे आहे. ती त्याच्या खिशातच होती, खिसा फुगलेला दिसत होता. पण दहा माणसं बघायला लागली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. घरघऱ्यानं बघता बघता झाड कापलं, एक पैसा घेतला नाही, आणि जाताना वाकलेल्या करवतीकडे बघून हसला. चार दिवसांत मुलगा येऊन सुताराला घेऊन गेला. गाडी माझ्या दारावरून गेली. आत बसलेला माणूस कबुतरांकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

आणि मग ते पत्र. माफीनंतरच्या ओळींत त्यानं लिहिलं होतं की पाय बरा झालाय. मुलगा म्हणतो, गावात रोज सकाळी दार वाजवून बघणारं एक माणूस असेल तरच परत जा, नाहीतर घर आणि शेड भाड्यानं देऊन टाकतो. ‘मी तुला न विचारता तुझं नाव सांगितलंय. हो असेल तर लिही. नाही असेल तरी लिही.’

मी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. मनात रोज लिहिली. पाचरीवर एक, खिशावर एक, ‘तूही’ या शब्दावर तर दोन. दार वाजवायच्या गोष्टीपर्यंत एकही पोचलं नाही. खरं तर ती गोष्ट आली की मला धडकी भरायची. ज्याला स्वतःचा चष्मा कपाळावर सापडत नाही त्यानं दुसऱ्याची काय काळजी घ्यायची. एखाद्या सकाळी दार वाजवलं आणि आतून आवाज आला नाही, तर मी काय करणार होतो? मग मी परत पाचरीकडे वळायचो. रागात असलं की बरं वाटायचं.

परवा सकाळी मी शेंगा काढत होतो. भिंतीपलीकडे खडखडाट झाला. बघतो तर सुताराच्या शेडचं दार उघडं, घरघऱ्या टेप घेऊन भिंती मोजतोय, आणि रंधे, पटाशा, कानशी सगळं बाहेर चिखलात काढून ठेवलंय. सगळ्यात वर ती करवत. दवानं ओली.

मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, सुतारांच्या मुलाचा फोन आला होता. गावातून काहीच उत्तर आलं नाही म्हणे, तेव्हा शेड मला देतोय, मशीन ठेवायला. आणि पायानं करवत बाजूला सारून म्हणाला, “हे भंगारात जाईल, काका. तुम्हाला हवं असलं तर घेऊन जा. आठवण म्हणून.”

त्या ‘आठवण म्हणून’नं माझं काय झालं मला माहीत नाही. मी भिंतीवरून गेलो. उडी नव्हती ती, पोटावर सरपटत गेलो, शर्टाचा खिसा फाटला. पलीकडे उभा राहिलो तेव्हा मला माझाच आवाज ओळखू येईना.

“तो मेलेला नाही,” मी म्हणालो. “आठवण कुणाची ठेवायची? पाय काढ करवतीवरून. हे घर रिकामं नाही. मालक बाहेरगावी गेलाय.”

आवाज ऐकून मावशी दुधाची किटली हातात घेऊन आल्या. घरघऱ्याला राग आला नाही, तो गोंधळला होता. त्यानं मला कधी एवढं बोलताना ऐकलंच नव्हतं. तो म्हणाला, मला काय माहीत काका, मी कुठे कुणाचं घर हिसकावतोय. मग कधी येणार आहेत ते?

“मी लिहिलं की येणार.”

“मग लिहिलंत का?” हे मावशींनी विचारलं.

मी चिखलाकडे बघितलं.

मावशींनी किटली खाली ठेवली. पोस्टमन आमच्याकडे दूध घेतो, पत्र कधी आलं ते मला ठाऊक आहे, असं त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी मला जे झोडपलं ते इथे सगळं लिहीत नाही. एवढी पुस्तकं वाचून एक हो लिहिता येत नाही, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मी म्हणालो की पाचर तो विसरला होता. माझी चूक नव्हती, खिसा तुम्ही पण बघितला असेल.

“बघितला होता,” मावशी म्हणाल्या. “मी समोरच उभी होते. पाचर तो विसरला, ढकललं तुम्ही, आणि माझ्या गाई दुपारपर्यंत कोंडलेल्या. तुम्हाला रागवायचं ना? मग त्याला इथे आणा आणि त्याच्या तोंडावर रागवा. मीही येते.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतके दिवस. मला एकदम इतका राग आला, सगळ्यांचाच, की डोळ्यांत पाणी आलं. घरघऱ्यानं हळूच टेप गुंडाळली. मग रंधे आणि पटाशा पुसून आत ठेवायला लागला. मी मदत करायला गेलो तर म्हणाला, राहू द्या काका, तुम्ही धारेला हात लावाल.

करवत मात्र मी घरी आणली. लोहाराकडे नेली. त्यानं ती ठोकून सरळ केली, पण मधोमध एक लाट राहिली आहे, ती जाणार नाही म्हणाला. दातांना कानशीनं धार लावून घेतली. लाकूड कापेल, सरळ कापेलच असं नाही. आमचं कपाट तरी कुठे सरळ आहे.

आज संध्याकाळी टेबलाशी बसलो. पाचरीवरची, खिशावरची सगळी उत्तरं डोक्यात तयार होती. कागदावर उतरलं ते असं:

‘पाचर तू विसरलास. मावशी साक्षीदार आहेत. मी ढकललं. तू मला माफ केलंस ते मला मान्य नाही, ते परत घे. बाकीचं इथे आल्यावर भांडू. मुलाला सांग, सकाळी दार मी वाजवीन. पडलास तर हाक मार, मूर्खा. मी भिंतीवरून येऊ शकतो, परवाच येऊन बघितलं आहे.’

पोस्टाची पेटी फाट्यावर आहे. शेंगांचे वेल पिवळे पडलेत, वाटेवरची माती पायाखाली भुसभुशीत होती आणि माझा राग तसाच होता, अजिबात कमी झाला नव्हता. पेटीची फट गंजून अरुंद झालीय. लिफाफा अर्धा आत गेला आणि अडकला. मी जरा थांबलो. आत ओढून घेणारं कुणी नव्हतं.

मग मी तो ढकलला.