ज्याच्या हातात किल्ली

मेणबत्तीचा बुडखा.

माळ्यावर एक प्लास्टिकची पिशवी, गाठ मारलेली.

उजव्या हाताची दोन बोटं, अजून सरळ.

हातोडा. दांडा जुना, डोकं नवं.

सोमवारी सकाळी दगडखाणीच्या फाटकाशी हजर राहणे.

"गाडीला हात लावलास तर हात मुळापासून उपटीन." अण्णा हे कुणालाही म्हणत. हसत म्हणत नसत.

आता जरा ओळीने.

अण्णा गेले त्याला महिना होत आला होता. मागे दोन मुलं राहिली, थोरला आणि त्याची धाकटी बहीण. आणि शेडमध्ये ती मोटारसायकल, धाकटीपेक्षा वयाने मोठी. घर थोरल्याने घेतलं, त्यावर धाकटीने ब्रही काढला नाही. तिला फक्त गाडी हवी होती. ती वेल्डर होती. खाणीवर तिला काम लागलं होतं आणि खाणीकडे बस जात नव्हती. गाडी नाही तर काम नाही. काम नाही तर थोरल्याच्या घरात, त्याच्या हाताखाली आणि हाताच्या टप्प्यात जन्म काढायचा. त्याचा हात कसा आहे हे तिच्या डाव्या कानाला विचारावं, पण त्या कानाला कमी ऐकू यायचं.

अण्णांच्या घरात कायदा एकच होता: ज्याच्या हातात किल्ली, त्याची गाडी. कागद गेला चुलीत. त्यांनी स्वतः ही गाडी सख्ख्या भावाकडून तशीच मिळवली होती, मनगट पिरगाळून, मूठ उघडून. जाताना मात्र त्यांनी किल्ली कुणाच्याच हातात दिली नाही. ती सापडतही नव्हती. थोरल्याला खात्री की धाकटीने दडवली, धाकटीला खात्री की थोरल्याने. महिनाभर दोघं एकमेकांच्या गाद्या उसवत होते. त्याने तिचा वेल्डिंगचा मुखवटा फोडून पाहिला. तिने त्याच्या बुटांचे तळ कापले.

रविवारी तो बाहेर गेलेला पाहून धाकटीने किल्लीवाल्या मावशीला आणलं.

मावशी ठेंगणी, तोंडाची फटकळ. चष्म्याला एका बाजूने दोरा. तिने कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी केली, गाडीच्या पुढच्या दिव्यावरल्या कुलपात घातली, हलकेच पिळली, बाहेर काढली. काजळी जिथे पुसली गेली होती तिथे कानस मारली. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस.

"घाई करू नकोस गं पोरी. कुलूप म्हातारं आहे. पिळलं की रुसतं."

"आमच्याकडे सगळे पिळूनच वाढलेत, मावशी."

"ते दिसतंय. गाल कुणी सुजवला?"

"दादाने."

"आणि दादाचं काय सुजलं?"

"अजून काही नाही."

मावशी हसली. तेवढ्यात शेडचा पत्रा वाजला.

थोरला दारात उभा होता. त्याने आधी किल्ली पाहिली, मग मावशी, मग बहीण.

"अस्सं. म्हणजे खरी सापडत नाही म्हणून खोटी जन्माला घालायची."

"खरी तू खाल्लीस दादा. ती बाहेर काढायचा रस्ता मला ठाऊक आहे, पण मला घाण वाटते."

त्याने तिला कानशिलात मारली, त्याच डाव्या कानावर. ती डोकं खाली घालून त्याच्या तोंडावर धावली. तिच्या कपाळाखाली त्याचं नाक सुपारीसारखं फुटलं. तो गाडीवर कोसळला, गाडी त्याच्यासकट आडवी झाली. तो उठायच्या आत तिने त्याचा कान दातांत धरला आणि सोडला नाही. तिला मजा येत होती. नंतर हे तिला आठवलं तेव्हाही लाज वाटली नाही.

"भांडा खुशाल," मावशी भिंतीला पाठ लावून ओरडली, "पण गाडी उभी करा! पेट्रोल सांडतंय आणि माझी मेणबत्ती पेटलीय!"

दोघं थांबले. मावशीने बोटांनी वात चिमटली. भावाबहिणीने दोन बाजूंनी धरून गाडी उभी केली, स्टँडवर घेतली. आणि तिथून पुढे पुन्हा सुरू.

आता थोरल्याच्या हातात हातोडा होता.

"तुला नाही मारत," तो रक्त थुंकत म्हणाला. "कुलूपच ठेचतो. मग कर किल्ल्या. शंभर कर."

त्याने हातोडा उचलला. धाकटीने कुलपावर आपला उजवा हात पसरून ठेवला.

"काढ हात."

"नाही."

"काढ म्हणतो! बोटं राहायची नाहीत."

"माझी आहेत. तुला काय त्यांचं?"

हातोडा खाली आला आणि

कानस: टीचभर, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने गोल. शेपूट टोकदार, लाकडी मूठ बसवण्यासाठी. मूठ कधीच निघालेली.

आवाज ओल्या लाकडासारखा झाला. धाकटी ओरडली नाही, तिने हातही काढला नाही. थोरलाच ओरडला. त्याला वाटलं होतं ती काढेल. लहानपणी विटी-दांडू असो की विळी, ती शेवटच्या क्षणी हात काढायची. पण ओरडून झाल्यावर त्याने हातोडा पुन्हा उचलला. तेव्हा तिने डाव्या हाताने मावशीच्या हातातली कानस ओढली आणि तिचं शेपूट त्याच्या उजव्या मांडीत खुपसलं, हाडाला लागेपर्यंत.

तो बसला. हातोडा सुटला. शेडमध्ये फक्त दोघांचे श्वास आणि पेट्रोलचा वास.

"माझी कानस," मावशी म्हणाली.

कुणी दिली नाही. तिनेच ती त्याच्या मांडीतून उपसली, पदराला पुसली आणि उरलेल्या दोन खाचा घासल्या. काम अर्धवट सोडून रस्त्याला लागायची तिला सवय नव्हती. किल्ली कुलपात गेली, फिरली. मीटरमधला लाल ठिपका उजळला. तिने किल्ली काढून हवेत धरली.

"कुणाला देऊ?"

धाकटीचा उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताने तो धरून ठेवला होता. तिने वाकून किल्ली दातांत घेतली.

थोरला जमिनीवरून हसला. हसताना नाकातून बुडबुडे आले. "हातात म्हणायचे अण्णा. थोबाडात नाही."

तिने दुखरा हात सोडून दिला आणि किल्ली डाव्या मुठीत घेऊन त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "आता?"

त्याने त्या मुठीकडे पाहिलं. मनगट टप्प्यात होतं. त्याचा हात उठलाही. मग मांडीतून आणखी एक गरम ओघळ आला आणि हात खाली गेला.

"आता तुझी," तो म्हणाला. "पण दवाखान्यात कशी जाशील? ॲक्सिलरेटर उजवीकडे असतो, बाईसाहेब."

"आणि तू कसा जाशील? किक पायानेच मारतात."

"झालं का?" मावशी म्हणाली. "एकीचा हात नाही, एकाचा पाय नाही. मिळून एक माणूस होतंय, तेही वाईट."

धाकटीने किल्ली फिरवली आणि किक मारली. चौथ्या लाथेला गाडी खोकली, मग धरली. थोरला पाय ओढत ओढत पुढे बसला, ती मागे.

"गाडी माझी," ती त्याच्या कानात म्हणाली, त्याच चावलेल्या. "तू नुसता चालव. वाट बदललीस तर बघ."

बसता बसता मावशीजवळून उचललेल्या कानसीचं टोक तिने डाव्या हाताने त्याच्या बरगडीला टेकवलं.

"अगं माझी कानस!" मावशी मागून ओरडली. गाडी फाटकाबाहेर पडली. वळणावर त्याने ब्रेक जरा जोरात मारला, ती पुढे आदळली आणि टोक पाव बोट आत गेलं. त्यानंतर त्याने ब्रेक हळूच मारले.

अण्णांची किल्ली त्यांच्या पँटच्या आतल्या खिशात होती. ती पँट दवाखान्याने पिशवीत घालून, गाठ मारून थोरल्याच्या हातात दिली होती, आणि त्याने न सोडताच ती माळ्यावर टाकली होती.