ओरेस्टचं वेगळं बिऱ्हाड

"आये, येक दिस तरी खरं बोलशील का?" ओरेस्ट ट्रेलरच्या दारातून ओरडला.

"मला शिकवतोस व्हय? ट्रेलर तुजा, पर जागा माजी हाय!" पराश्काकाकू अंगणातून गरजल्या.

कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानच्या माळावर वारा इतका, की या मायलेकांचं भांडण माझ्या गोठ्यापर्यंत ऐकू येतं. मी धार अर्धी टाकून कुंपणाशी आलो. शेजाऱ्याचं भांडण फुकट जाऊ देणाऱ्यांतला मी नाही.

धान्य चढवायच्या यंत्रात पाय गेल्यापासून ओरेस्टला सरकारी अपंग भत्ता मिळायचा. आईच्या घरामागं ट्रेलर टाकून तो एकटा राहायचा, स्वतःचं स्वतः रांधायचा. चूल वेगळी म्हणून भत्ता पुरा. पण काकूंना याची भारी लाज. लेक आपल्याच अंगणात हात भाजून घेतो, हे बायकांना कसं सांगायचं? म्हणून चर्चच्या हॉलात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरताना त्या ठोकून द्यायच्या, "माजा ओरेस्ट माज्याच हातचं खातो." ते फिरत फिरत भत्त्याच्या कचेरीत पोचलं. आज तपासणीला बाई येणार होत्या. बिऱ्हाड एकच ठरलं तर भत्ता निम्म्यावर येणार होता.

बाई आल्या, तसा काकूंच्या मागोमाग मीही साक्षीदार म्हणून ट्रेलरात घुसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"हे जेवतात कुठं?" बाईंनी विचारलं.

हॉलातल्या दोन बायका रस्त्यावर गाडी थांबवून बघत होत्या. काकूंनी मान ताठ केली. "माज्या हातचं खातो. जल्मापास्नं!"

ओरेस्टनं कपाळ धरलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

पण आमच्याकडं दारी आलेलं माणूस उपाशी जात नाही. निम्मा भत्ता बुडाला तरी ओरेस्टनं शेगडीवरचा बोर्श्ट, म्हणजे बीटाचं आंबट सार, वाडग्यात वाढला. बाईंनी एक घोट घेतला, तोच डोळ्यांत पाणी आलं. कसाबसा गिळून त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या हाताला चव... वेगळीच आहे हो."

काकूंनी चमचा ओढून बोर्श्ट चाखला आणि त्या थू करून मोरीत थुंकल्या.

"ह्यो माजा? बीट करपल्यालं, व्हिनेगर बदाबदा, शेपूची काडी न्हाई! अवो, जत्रंत तीस वर्सं माज्या बोर्श्टाला पैला नंबर हाय! ह्यो ह्याचा हाय! तीन वर्सं ह्योच रांदतोय, ह्योच गिळतोय. माज्या घरचा घास शिवत न्हाई मेला! ह्ये कपाट बगा, यातला येक वाडगा माजा असंल तर नाव बदला!"

बाईंनी आधीची ओळ खोडली.

"ठळक लिवा!" काकू ओरडल्या. ते रस्त्यावरच्या गाडीतही ऐकू गेलं असणार.

पंधरा दिवसांनी कागद आला. बिऱ्हाड वेगळं, भत्ता पुरा. ओरेस्टनं तो मला तीनदा वाचून दाखवला.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात दार वाजलं. एरवी धाडकन आत घुसणाऱ्या काकू बाहेर उभ्या होत्या.

"आये, दार उगडंच हाय की."

"लोकाच्या घरात असं घुसत्यात व्हय?"

त्या येऊन टेबलाशी बसल्या. ओरेस्टनं भीत भीत त्याचाच बोर्श्ट वाढला. काकूंनी वाडगा पुसून खाल्ला. डोळे ओले झाले होते, आणि या खेपेला मी व्हिनेगरला दोष देणार नाही.

उठताना त्यांनी खिशातून शेपूची जुडी काढून टेबलावर ठेवली.

"शेजारणीनं दिली म्हून लिव," त्या म्हणाल्या, "आन् फुडच्या खेपंला घाल."