एका पानावरची दोन नावं

तिने स्पिरिटच्या बाटलीतून दोन भुंगेरे चिमट्याने उचलले आणि वडिलांच्या मांडीवरच्या पांढऱ्या थाळीत ठेवले. एक हिरवागार, चकचकीत. दुसरा मातकट, थोडा जाडजूड.

"एकाच पानावर सापडले, बाबा. एकमेकांना धरून."

वडिलांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे नर आणि मादी."

"हो. दोन जाती नाहीत. एकच आहे."

बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच या दोन वेगळ्या जाती म्हणून जाहीर केल्या होत्या, एकाच शोधनिबंधात, एकाच पानावर. हिरव्याला थोरल्या लेकीचं नाव दिलं, मातकटाला धाकटीचं. धाकटी दोन दिवस रुसून बसली होती, ताईला हिरवा आणि मला शेणाच्या रंगाचा म्हणून. थोरली मात्र त्या नावामागे अशी लागली, की संग्रहालयातली किड्यांची कपाटं सांभाळण्यात तिचा जन्म गेला. कुणी लग्नाचं विचारलं तर ती सांगायची, माझं नाव आधीच एका घराण्याला लागलंय, सहा पायांच्या.

आता दोनातलं एक नाव जाणार होतं. एरवी आधी छापलेलं टिकतं. पण ही दोन्ही एकाच दिवशी छापलेली. अशा वेळी चूक पहिल्यांदा दाखवून देणारा जे नाव निवडेल, ते कायमचं. ती निवड आता थोरलीकडे आली होती. लेख लिहून तयार होता. त्यात तिने आपलंच नाव राखलं होतं आणि कारणही दिलं होतं: हे नाव जास्त निबंधांत आलेलं आहे. त्यातले निम्मे निबंध तिनेच लिहिलेले, ही गोष्ट वेगळी.

"मला माहीत होतं," वडील म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"पुढच्याच वर्षी अशी जोडी मिळाली होती मला. दोघांना सोडून दिलं." त्यांनी भिंग मिटलं. "एक नाव खोडायचं, म्हणजे एका पोरीला सांगावं लागणार. तू अकराची, ती सातची. म्हटलं, बघू पुढे."

लेबलावरची तारीख चुकली तर ती दुरुस्त झाल्याशिवाय जेवायला न बसणारा हा माणूस. तिने भुंगेरे परत बाटलीत घातले. झाकण दोनदा वाकडं बसलं.

"मग आता कुठलं ठेवू?"

"मला नको विचारूस. मला तेव्हाही जमलं नाही."

तिने तिथूनच बहिणीला फोन लावला. धाकटीचं शिवणकामाचं दुकान होतं. मागे मशीन चालू होतं. सगळं ऐकून ती हसली.

"म्हणजे बाबासुद्धा चुकतात तर. ठेव गं तुझंच. माझी गिऱ्हाइकं काय ब्लाउज टाकताना विचारतात, बाई, तुमच्या नावाचा किडा कुठला?"

"मीही तेच ठरवत होते."

"बरोबर आहे." मशीन थोडं चाललं, थांबलं. "ताई, बाबांना विचारलंस?"

"हो."

"मग? कुठलं ठेव म्हणाले?"

थोरलीने वडिलांकडे पाहिलं. ते रिकाम्या थाळीकडे बघत होते.

"तुझं," ती म्हणाली.

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "बरं. चल, गिऱ्हाईक आलंय." दुकानात मागे कुणाचाच आवाज नव्हता. फोन मात्र लगेच ठेवला गेला नाही.

थोरलीने पिशवीतून लेख काढला, स्टुलावर पसरला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"कारण काय देशील?" वडिलांनी विचारलं.

"कारण द्यावंच लागतं असं नाही. निवडणाऱ्याने निवडलं की झालं."

ती आपलं नाव खोडू लागली, तसा वडिलांनी पुढे वाकून कागद हलू नये म्हणून त्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे कागद जास्तच हलत होता. हात काढा, असं काही ती म्हणाली नाही.